ण नसलेली नक्कल

वकिलाने 'खेळासाठी' असा शब्द उच्चारला आणि तिची पेन्सिल जागच्या जागी थांबली. वकील तरुण, आवाज खणखणीत, हातात जुन्या दानपत्राची नक्कल. सभागृह निम्मंच भरलेलं. समोर काचेच्या पेटीत प्रकल्पाची प्रतिकृती मांडलेली: मधोमध वाटोळं क्रीडागार, त्याला खेटून दुकानांच्या रांगा, मागे सोळा सोळा मजल्यांच्या चार इमारती, आणि पुढे निळ्या प्लास्टिकचं पाणी. पाण्याच्या कडेने नखाएवढं कुंपणही लावलं होतं, इतकं नाजूक की करणाऱ्याचं कौतुकच करावं. सुनावणीचं टिपण घ्यायला ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती, कारण कार्यालयातली महत्त्वाची टिपणं गेली एकतीस वर्षं तीच घेत आली होती. हरकती द्यायच्या त्याही तिच्याच टेबलावर, लेखी, संध्याकाळी पाचच्या आत. सकाळपासून तिथे फक्त दोन आल्या होत्या, आणि त्यातली एक पार्किंगबद्दल होती.

"ही जागा लोकांच्या खेळासाठी, विश्रांतीसाठी व तीरापर्यंतच्या वाटेसाठी कायम मोकळी राहील, कुठलाही अटकाव नसावा," वकिलाने वाक्य पूर्ण वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "आता बघा. खेळासाठी म्हटलंय. आम्ही खेळाचंच बांधतोय, चाळीस हजार माणसांनी बसून बघावं असं. वाट कुठवर? तीरापर्यंत. आम्ही तीरापर्यंत रुंद फरसबंदी वाट देतोय. त्यापुढच्या पाण्याबद्दल दानपत्र अवाक्षर काढत नाही, तेव्हा तिथे खाजगी होड्यांचा तळ झाला तर कुणाची हरकत असायचं काम नाही. आणि शेवटचा शब्द आहे 'नसावा'. 'नसावा' ही इच्छा झाली हो, अट नव्हे." लोक हसले. साहेबही हसले. ती मात्र हसली नाही, कारण त्या वाक्यातला खेळ, तीर आणि नसावा हे तिन्ही शब्द दान करणाऱ्या बाईचे नव्हते. ते तिचे होते. तिने स्वतःच्या हाताने, सत्ताविसाव्या वर्षी, दुपारी दोन ते चार या वेळात तिथे घातलेले.

कार्यालयात तिला बिनचूकबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण पाठीमागे म्हणत आणि ते तिच्या कानावर पडेल अशा बेताने म्हणत. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला? नव्याने लागलेल्या मुलींच्या मसुद्यांतली ऱ्हस्वदीर्घाची चूक ती दारातून येता येता पकडायची. घरी दूधवाल्याच्या पाटीवरचं व्याकरण सुधारायची. आणि त्या बिनचूकपणाचा पाया काय, तर ही नक्कल! टायपिंगच्या मशीनवरची ण ची कळ त्या सकाळी तुटली होती. दाबली की नुसती टक् वाजायची, दांडी उठायचीच नाही, आणि ण काही आडवाटेचं अक्षर नव्हे. तो गेला की आणि जातं, पण जातं, कोण जातं, पाणी जातं. मेकॅनिक गुरुवारी येणार होता. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, चार वाजता नक्कल टेबलावर हवी, आणि हाताने एक अक्षर जरी घातलंत तरी ती नक्कल बाद. दुसरं मशीन आधीच दुरुस्तीला गेलेलं. नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. मशीन मोडलंय असं सांगायची हिंमत नव्हती, आणि त्याहून खरं म्हणजे खाज होती. मॅट्रिकला भाषेत पहिली आलेली मुलगी. शब्दाला शब्द सापडणार नाही म्हणजे काय?

आणि सापडत गेले की! आणि ला व. पण ला परंतु. कारण ला सबब. पतीच्या स्मरणार्थ ला पतीच्या स्मृतीसाठी. चतुःसीमेत दक्षिण दिशा आली तेव्हा ती पाच मिनिटं नखं खात बसली, आणि मग 'उत्तरेच्या समोरची बाजू' असं ठोकून दिलं. एखादी गृहिणी घरात मीठ नसताना पाहुण्यांना जेवू घालते आणि कुणाला कळू देत नाही, तसा तो आनंद होता. चार पानं, आणि ण औषधालासुद्धा नाही. त्या एका वाक्याने मात्र घाम फोडला होता. जहाजमालकाची ती विधवा, सही येत नव्हती म्हणून अंगठा उठवणारी, पण तिने सांगितलेलं वाक्य कारकुनाने जसंच्या तसं उतरवलं असावं, कारण त्याला बोलण्याची चाल होती: ही जागा लोकांना खेळण्यासाठी, बसण्या-उठण्यासाठी आणि पाण्यापर्यंत जाण्यासाठी कायम मोकळी राहील, कोणीही कोणाला अडवणार नाही. एका वाक्यात नऊ ण. नऊच्या नऊ तिने काढले, मासळीतले काटे काढावे तसे, आणि स्वतःवर खूश होऊन कागद मशीनमधून ओढला.

ही गोष्ट तिने आयुष्यभर विनोद म्हणून सांगितली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. साखरपुड्यात सांगितली, बारशाला सांगितली, नव्या शेजाऱ्यांना चहाबरोबर सांगितली. तिची नणंद तर दर वेळी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. "म्हणजे वहिनी, तुझ्या त्या कागदात नणंदेला जागाच नाही! माझ्यात मधोमधच ण!" आणि ती म्हणायची, म्हणून तर तो कागद इतका शांत आहे. मग गोष्टीचा शेवट, जो तिचा सगळ्यात लाडका. नियमाप्रमाणे नक्कल दोघांनी ताडून पाहायची. एकाने अस्सल मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं. वाचायला बसला शेजारच्या टेबलावरचा लांब मानेचा कारकून. तो वाचत गेला, ती हं म्हणत गेली. "आणि यांनी सगळं ओळखलं बरं का," ती सांगायची, "ओळखलं आणि गालातल्या गालात हसून 'ताडून पाहिले' खाली सही ठोकली. तेव्हाच मी ठरवलं, नवरा करीन तर हाच." लग्नाआधीच्या चार महिन्यांत त्याने पाठवलेल्या चिठ्ठ्याही ण वगळून लिहिलेल्या असत. 'उद्या सकाळी धक्क्यावर ये. वाट बघतो.' त्या अजून कपाटात, साड्यांच्या खाली होत्या.

जेवणाच्या सुट्टीत ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, डबा उघडत होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कळ तुटल्यापासून. सांगताना पहिल्यांदाच लक्षात आलं की ही गोष्ट विनोदाशिवाय सांगायची म्हटली तर फार लवकर संपते.

"बाई," साहेब म्हणाले, "अस्सल कुठाय?"

"वाळवीने खाल्लं. बारा वर्षं झाली. कपाट उघडलं तर बांधायची नाडी तेवढी उरली होती."

"मग संपलं ना. अस्सल गेलं की नक्कल हीच अस्सल. त्यावर शिक्का आहे, दोन सह्या आहेत."

"साहेब, त्यात चार पानांत एक ण नाही. माणूस असं लिहील का? कोणीतरी पानभर बोलेल आणि एकदाही पण म्हणणार नाही, असं होतं का? हाच पुरावा आहे."

साहेबांनी घास खाली ठेवला. त्यांनी खरंच नक्कल ओढली आणि बोट फिरवत अर्धं पान पाहिलं. तेवढ्यापुरते ते शाळेतल्या मुलासारखे दिसले. "अहो हा बघा ण," ते आनंदाने म्हणाले. तिने वाकून पाहिलं. बोट रबरी शिक्क्यावर होतं. प्रमाणित नक्कल. अख्ख्या कागदात तेवढाच एक, आणि तो नेमका खोटं बोलणारा. "गंमत आहे," साहेब म्हणाले, आणि कागद मिटला. "पण मी काय करू सांगा. तुम्ही कर्मचारी. कर्मचाऱ्याला हरकत घेता येत नाही. आणि आज तुम्ही म्हणालात की तेव्हा शब्द बदलले, उद्या कोणी विचारेल आणखी किती नकलांत बदललेत? तुमचे पाच महिने राहिलेत बाई. बिनचूक आलात, बिनचूक जा."

डोंबलाचं बिनचूक! व्हरांड्यात येऊन तिने भिंतीला पाठ टेकली. 'ध'चा 'मा' झालेला सगळ्या जगाला कळतो, रक्त सांडतं, पोरंसोरं त्याच्या गोष्टी ऐकतात. ण चं काय झालं? काहीच नाही. तो नुसता नव्हता, आणि नसलेल्याची तक्रार करायची कोणाकडे? व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीतून दानपत्रातला तो धक्का दिसत होता. दुपारचं ऊन, वाळत टाकलेली जाळी, दोन विटांच्या यष्ट्या मांडून खेळणारी सात-आठ पोरं आणि त्यांच्यात एक गलेलठ्ठ गृहस्थ, ऑफिसचा शर्ट घालून, क्षेत्ररक्षणाला. पायऱ्यांवर दोन बायका पाय पाण्यात सोडून बसलेल्या. ही माणसं खेळत होती. खेळ बघत नव्हती. एवढाच तर फरक, अर्ध्या अक्षराचा. जहाजमालकाच्या विधवेला तो बरोबर कळला होता, अंगठा उठवणाऱ्या बाईला, आणि भाषेत पहिल्या आलेल्या हिला कळला नव्हता. तिला इतका संताप आला की कोणाचा येतोय हेच कळेना. वकिलाचा? तो जे लिहिलंय ते वाचत होता. साहेबांचा? त्यांनी निदान बोट तरी फिरवलं होतं. तिने फोन काढून नवऱ्याला लावला.

"अहो, ती नक्कल," ती म्हणाली. "धक्क्याची. तिच्यावर सगळं चाललंय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "कुठल्या शब्दावर?" त्याने विचारलं. तिने तिन्ही सांगितले. "हं," तो म्हणाला.

"हं काय? तुमची सही आहे. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही येऊन सांगा ना, की मी वाचलं तेव्हा अस्सलात पाण्यापर्यंत असं होतं, आणि मी समजून उमजून—"

"अगं, मला ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

"त्या दिवशी. मी वाचत होतो, तू हं म्हणत होतीस. नकलेकडे मी बघितलंच नाही. तुझ्या हं वर सही केली मी. ण चं मला कळलं ते साखरपुड्यात, तू सगळ्यांसमोर सांगितलंस तेव्हा. सगळे हसले, मीही हसलो. काय करणार?"

"पण तुम्ही हसला होतात ना. सही करताना."

"तू दर हं ला मान डोलवत होतीस, कंदिलासारखी. म्हणून हसलो."

तिने फोन बंद केला. आपणहून बंद केला की कट झाला हेही तिला नंतर आठवेना. एकतीस वर्षं! एकतीस वर्षं ती लोकांना सांगत आली की ह्या माणसाने मला न बोलता ओळखलं, आणि त्याने साधं ओळखलंही नव्हतं, नुसता विश्वास ठेवला होता. म्हणजे फसवणुकीत भागीदार म्हणून ज्याला निवडला तो तर फसलेलं गिऱ्हाईक. आणि हा मनुष्य गप्प! दर वेळी गोष्ट ऐकून, दर वेळी त्याच जागी हसून, चिठ्ठ्यासुद्धा ण वगळून लिहून. का सांगितलं नाही? सही त्याची होती म्हणून? भित्रा आहे, दुसरं काय. त्याच्या प्रत्येक वाक्यात पण असतो, कपडे घेताना पण, गावाला जाताना पण, ज्याच्या तोंडचा पण सुटत नाही असा दुसरा माणूस नाही, आणि नेमकं जिथे पण म्हणायला हवं होतं तिथे ह्याने सही ठोकली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा ती टेबलाशी जाऊन बसली आणि नवी पेन्सिल घेतली, कारण जुनीचं टोक तिने दाताखाली धरून मोडलं होतं.

दुपारी वास्तुरचनाकार बोलला, मग वाहतुकीचा तज्ज्ञ, मग व्यापाऱ्यांतर्फे कोणी. ती लिहीत राहिली. दोनदा तोंड उघडायला गेली. एकदा तर खुर्ची मागे सरकली सुद्धा, आणि साहेबांनी नुसती मान हलवली तशी ती पुन्हा बसली. टिपण घेणाऱ्याला जीभ नसते. शेवटी वकिलाने विचारलं, आणखी कोणाची हरकत? मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली, म्हणाली, माझ्या नातवंडांनी खेळायचं कुठे? वकील अदबीने म्हणाला, आजी, त्यांना आम्ही सवलतीचं तिकीट देऊ. लेखी दिलंय का तुम्ही? नसेल तर नोंद होणार नाही. म्हातारी खाली बसली. इकडे टिपणात तिने पेन्सिलीने 'नोंद होणार नाही' हे शब्द लिहिले, मग त्यांतला ण बराच वेळ गिरवत राहिली, कागद फाटेपर्यंत.

पाचला बारा मिनिटं असताना दार उघडलं आणि तिचा नवरा आत आला. काठी, घरातलाच शर्ट, वरचं बटण चुकलेलं. इतका चाललेला की श्वास लागला होता. सभागृहात त्याला ओळखणारं आता कोणी नव्हतं, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तो थेट तिच्या टेबलाशी आला आणि रांगेतल्या कुठल्याही माणसासारखा उभा राहिला.

"हरकत द्यायची आहे," तो म्हणाला.

"लेखी लागते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

त्याने घडी केलेला कागद पुढे केला. त्याचं तेच तिरकं अक्षर, वहीतून फाडलेली दोन पानं. तिने वाचायला सुरुवात केली. 'मी खाली सही करणारा, या दानपत्राच्या नकलेवर ताडून पाहिले म्हणून माझी सही आहे. मी ती ताडून पाहिली नव्हती. अस्सल मात्र मी स्वतः मोठ्याने वाचलं होतं आणि त्यातलं हे वाक्य मला पाठ आहे.' पुढे ते वाक्य, नऊच्या नऊ ण घेऊन. मग: 'नकलेत ण हे अक्षर नाही, मोजून घ्यावे.' आणि त्याखाली, ओळ सोडून: 'शब्द गेल्याचं मला नंतर कळलं. सांगायचं धाडस झालं नाही, कारण बोललो असतो तर जिने नक्कल केली तिची नोकरी गेली असती. म्हणून जे जमलं ते केलं. त्या दिवसापासून रोज सकाळी मी धक्क्याच्या अकरा पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जातो आणि पाय बुडवून येतो. फिरण्यासाठी नव्हे. वाट चालती असली तर बंद करता येत नाही असं आम्हाला कार्यालयातच शिकवलं होतं. एकतीस वर्षांत खाडा नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे नऊ दिवस सोडून.'

त्या नऊ दिवसांत तो तिला पाठवायचा. तिला आठवलं. "अगं, जरा पायऱ्या उतरून ये, पाणी कुठवर आलंय बघ," म्हणायचा, आणि ती वैतागायची, पाणी पळून जातंय का तुमचं! जायची, बघायची, चप्पल न काढता परत यायची. गुडघ्यांसाठी जातो, हवेसाठी जातो, मित्रांसाठी जातो, असंच तिने धरलं होतं; कधी विचारलं नव्हतं. बिनचूकबाईने कधी ताडून पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला यावर प्रश्न विचारतील," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "पेन्शनचं काही झालं तर? लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. इतकी वर्षं तुझ्याच गोष्टीला हसत होते." त्याने काठी टेबलाला टेकवली. "तू बघितलंस का नीट? एखादं अक्षर राहिलं असेल माझं. नियमाप्रमाणे ताडून घे."

वकील उठून जवळ आला होता, काय चाललंय पाहायला. साहेब घड्याळाकडे बघत होते. तिने आवकचा शिक्का शाईत दाबला, तारीख पाहिली, आणि कागद स्वतःसमोर सरळ केला. "वाचा," ती नवऱ्याला म्हणाली. "पाठ आहे ना? मोठ्याने म्हणा. मी बघते."

त्याने डोळे मिटले. "ही जागा लोकांना खेळण्यासाठी," तो म्हणाला, आणि थांबला, जसा त्या दुपारी प्रत्येक तुकड्याशी तिच्या हं साठी थांबला होता.

तिचं बोट शब्दावर होतं. हं तोंडात आला होता. तिने तो गिळला.

"खेळण्यासाठी," ती म्हणाली.

"बसण्या-उठण्यासाठी."

"बसण्या-उठण्यासाठी." म्हातारी मागच्या रांगेतून पुढे सरकली होती.

"आणि पाण्यापर्यंत," तो म्हणाला. त्याच्या पँटच्या कडा अजून ओल्या होत्या. येताना तो पायऱ्या उतरून आला होता.

"पाण्यापर्यंत," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की साहेबांनी मान वर केली, आणि पाचला चार मिनिटं असताना तिने शिक्का मारला.